रतनबाईंच्या अंगणातला दिवा

नंदाबाईंनी दत्तोबाच्या हातातली पेटती उदबत्ती काढून घेतली आणि मातीत खुपसून विझवली.

दत्तोबा बघतच राहिला. तळेगावचा हा शोभेची दारू उडवणारा माणूस सात वर्षं या बंगल्यावर येत होता, पण वातीपाशी नेलेला त्याचा हात आजवर कुणी धरला नव्हता. लग्न लागून पाव तास झाला होता. माघातला गोरज मुहूर्त, अंधार नुकता पडलेला, आणि हिरवळीवर सहाशे माणसं माना वर करून उभी. आणि या बाई म्हणत होत्या, दहा मिनिटं थांब.

बंगला लोणावळ्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. काळ्या दगडाचा, लाल कौलांचा. पुढे उतरती हिरवळ आणि मागे डोंगर, त्यामुळे एक बार उडाला की त्याचे तीन ऐकू येतात. लग्नवाली मंडळी त्या डोंगरावरच भाळतात. इथला सगळा कारभार नंदाबाईंकडे. शिक्षण सातवी, पण आचाऱ्यापासून सनईवाल्यापर्यंत सगळे त्यांच्या भुवईकडे बघून हलत. मालक मुंबईत असे आणि निर्धास्त असे. इथल्या एकाही लग्नात कधी जेवण कमी पडलं नाही की मुहूर्त टळला नाही, हे त्या स्वतःच सांगत फिरत, आणि ते खरंही होतं.

ही हिरवळ म्हणजे एकेकाळचं त्यांचंच भाताचं खाचर. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. धाकट्याने, म्हणजे नंदाबाईंच्या नवऱ्याने, आपला वाटा बंगल्याला विकला. थोरल्याने विकला नाही. थोरली जाऊ रतनबाई त्या दिवशी ज्या तोंड फिरवून गेल्या त्या गेल्याच. मधे भिंत आली. पुढे दोघींचे नवरे वारले, तेव्हा दोघी एकमेकींच्या दारात बसून रडल्या, पण बोलल्या नाहीत. अबोला धरावा तर मावळातल्या जावांनी.

आणि दर लग्नाला एक गोष्ट ठरलेली. कर्ण्यावरून ‘आता आतषबाजी’ अशी हाळी झाली रे झाली, की भिंतीपलीकडे रतनबाईंच्या अंगणातला दिवा फट्‌दिशी बंद. याचा अर्थ कुणाला विचारावा असं नंदाबाईंना कधी वाटलं नाही. धाकट्या जावेचं बरं बघवत नाही, दुसरं काय! आतषबाजीची सात मिनिटं त्या कमरेवर हात ठेवून त्या अंधाराकडेच बघत उभ्या राहत. आभाळात काय फुटतंय त्याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. दिवा मालवला, म्हणजे बाण वर्मी लागला, एवढ्यात त्यांचा आनंद.

आज हाळी होऊन दोन मिनिटं झाली होती आणि दिवा जळतच होता.

सत्तरीची बाई. मुलगा सार्थक आंबीच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला, म्हणजे घरात दुसरं कुणी नाही. पडली-बिडली असेल तर? नंदाबाईंनी भिंतीकडे दोन पावलं टाकली, आणि ती टाकली म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात नवऱ्या मुलाचा मोठा भाऊ शौनक धावत आला. ड्रोन वर गेलाय, नवरा-नवरी ठरल्या जागी उभी आहेत, कार्यक्रम मिनिटामिनिटाला बांधलेला आहे, असं सगळं त्याने एका दमात ऐकवलं.

“आभाळ कुठं पळून जात नाही, दादा,” नंदाबाई म्हणाल्या. “तोवर मसाला दूध फिरवायला सांगते.”

त्यांनी आचाऱ्याला खूण केली, वॉकीटॉकी कमरेला खोचली आणि पैठणीचा काठ वर धरून त्या निघाल्या. भिंतीला दार नव्हतं. ती ओढ्यापाशी संपत होती, तिथून बांधावर चढून पलीकडे उतरावं लागे. मयतीला गेल्या त्याही रस्त्याने; सात वर्षांत त्या इथून उतरल्या नव्हत्या, पण पायांना वाट ठाऊक होती.

दिवा अंगणात नव्हताच. वायर ओढून तो गोठ्याच्या तोंडाशी टांगला होता, आणि त्याच्या उजेडात रतनबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. म्हैस आडवी पडून कण्हत होती. पारडाचे पुढचे दोन पाय आणि नाकपुडी बाहेर आली होती, आणि तिथेच सगळं अडलं होतं. रतनबाईंचे हात कोपरापर्यंत माखले होते. त्यांनी मान वळवून पाहिलं. कोण आलंय ते पाहिलं, पैठणी पाहिली.

“पाय धर,” त्या म्हणाल्या. “कळ आली की मंग वढ. आदी नगं.”

नंदाबाईंनी पदर खोचला, तेलाच्या वाटीत हात बुडवले आणि बैठक मारली. मग बराच वेळ दोघींचं जे काही बोलणं झालं ते ‘आता’ आणि ‘थांब’ एवढंच. चौथ्या कळेला पारडू सळसळत बाहेर आलं आणि नंदाबाई त्याच्यासकट मागे कोसळल्या. रतनबाईंनी त्याच्या तोंडातला चिकटा बोटाने काढला, गोणपाटाने खसाखसा पुसलं. ते शिंकलं. म्हशीने वळून त्याला चाटायला घेतलं, तेव्हा कुठे दोघींनी श्वास सोडला.

वॉकीटॉकी मघापासून खरखरत होती. मावशी, पाहुणे विचारतायत. मावशी, काय करू. नंदाबाईंनी ती माखल्या हाताने उचलली.

“दत्तोबा, आज बार उडवायचे नाहीत. पाहुण्यांना मी सांगते.”

“का गं?” रतनबाईंनी विचारलं.

“म्हस बुजंल, आक्का. आत्ता व्यायलीया.”

“आवाजाचं ऱ्हाऊ दे. रंगाचं सोडाय सांग की. लोकं खोळंबली आसतील.” मग गोणपाट पिळता पिळता त्या सहज म्हणाल्या, “मागल्या लग्नाला हिरवं लय कमी हुतं. त्यो तुजा मानूस हात मारतोय बग.”

नंदाबाईंनी वॉकीटॉकी खाली ठेवली.

“तुमी बगता?”

“मंग? पयल्यापास्नं. एक चुकवलं न्हाई.”

“आन दिवा मालवता त्यो?”

“उजेडात फिकं दिसतंय न्हवं.” रतनबाई नंदाबाईंकडे बघू लागल्या, एवढं साधं हिला कळू नये म्हणून. “तुला काय वाटलं?”

नंदाबाईंना काय वाटलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. लाज वाटली. सहाशे माणसांना हुकूम सोडणाऱ्या बाईला इतकी लाज वाटली की त्या उगाच पारडाचे कान पुसत बसल्या.

मग त्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरली आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, “दत्तोबा, आवाजाचं सगळं बाजूला काढ. नुसते रंग सोड. आणि हिरवं हात राखून नको, काय? शौनकदादा रागावले तर मला पुढं कर.”

आतषबाजी हा तर त्यांच्या धंद्याचा मुख्य दागिना. किती मिनिटांची, कुठल्या उंचीची, सगळं गिऱ्हाइकांना त्या तोंडपाठ सांगत. त्यांनी हात गोणपाटाला पुसले आणि जावेला विचारलं,

“आक्का, कुटनं चांगलं दिसतं?”

रतनबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गोठ्यामागे निघाल्या. तिथे पाटाएवढा एक दगड होता, एकाच माणसाच्या बसण्याने गुळगुळीत झालेला. त्या त्याच्या कडेला सरकून बसल्या.