मागची सीट

जतच्या वेशीवर चहाची टपरी दिसली तशी वीरधवलनं गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "उतर, जरा पाय मोकळे कर."

मागं काही हालचाल झाली नाही. त्यानं वळून बघितलं. सीट रिकामी होती.

आधी त्याला वाटलं, रेश्मा उतरलीही. तो गाडीभोवती फिरला, टपरीच्या मागं डोकावला. मग टपरीवाल्याला विचारलं, "आमची मंडळी कुठल्या अंगाला गेली?"

टपरीवाला हातात किटली धरून बघत राहिला. "तुमी तर एकलंच आलासा की, पावणं."

वीरधवलनं बायकोला फोन लावला. रिंग गाडीच्या मागच्या डब्यात वाजायला लागली. सकाळी पलूसहून निघताना तिची पर्स त्यानंच आत ठेवून कुलूप घातलं होतं.

त्याच्या डोक्यात एकच आलं: कुठल्यातरी खड्ड्यात गाडी उसळली असेल, रेश्मा पडली असेल, आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही.

कळणार कसं? लग्नाआधी घेतलेली ही स्पोर्ट बाईक, मागं वीतभर सीट. रेश्मा तिच्यावर एकदाच बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, त्याच्या कमरेला घट्ट विळखा घालून. तासगावात उतरून ती एसटीनं घरी गेली आणि परत गाडीकडं फिरकली नाही. म्हणून यंदा त्यानं गाडी कराडला नानासो मिस्त्रीकडं दीड महिना ठेवली होती. वाकून धरायचं हँडल काढून उंच हँडल बसवलं, वारा अडवायला पुढं मोठी काच, रुंद मऊ सीट, मागं डबा आणि त्याला टेकायला गादी. शॉकअपही मऊ केले. "आता वैनींचं वजनसुदीक जाणवायचं न्हाई तुला," नानासो म्हणाला होता, आणि वीरधवल खूश झाला होता.

आज पहिलीच सफर होती. कवठेमहांकाळ सोडल्यावर थोड्या वेळानं मेंढरं आडवी आली म्हणून गाडी थांबली, आणि पुन्हा निघतानाच तो मागं न बघता बोलायला लागला होता. गेल्या वर्षी साताऱ्याला रेश्माचे वडील वारले, तेव्हा तो मित्रांबरोबर गोव्याला गेला होता, फोन बंद करून. पोचला तो तिसऱ्या दिवशी. तो विषय दोघांनी कधी काढला नव्हता. तोंडाकडं बघून बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून आज हेल्मेटमधूनच सगळं बोलून टाकलं. मागून उत्तर आलं नाही. त्याला वाटलं, रडत असेल.

चहा न घेताच त्यानं गाडी माघारी वळवली. येताना पळवलेली गाडी आता प्रत्येक मोरीजवळ थांबत होती. एका बाभळीखाली लालसर काहीतरी अडकलेलं दिसलं. रेश्माची ओढणी तशाच रंगाची होती. तो धावत गेला. खताचं फाटकं पोतं होतं. ते टाकून तो पुन्हा गाडीकडं पळाला.

समोरून पाण्याचा टँकर आला. हात करून त्यानं विचारलं, "रस्त्यात कुठं अपघात दिसला का?"

"न्हाई बा. का, काय झालं?"

'बायको हरवली' म्हणायच्या ऐवजी तो "काय न्हाई" म्हणाला आणि गाडी पुढं काढली.

वीसेक किलोमीटर मागं, जिथं जाताना मेंढरं आडवी आली म्हणून तो थांबला होता, तिथं लिंबाखाली घोंगडीवर दोन बायका बसलेल्या दिसल्या. एक म्हातारी मेंढकी होती. दुसरी उठून उभी राहिली. ती रेश्मा होती, धडधाकट.

स्टँड लावायचं त्याला सुचलंच नाही. गाडी आडवी झाली, आरसा फुटला. तो तिथंच रस्त्याकडेला बसला.

"पडलीस कुठं?"

"पडले न्हाई. पायाला गोळा आला म्हणून उतरले. तुमाला सांगितलं बी. तुमी मान हालवलीसा, मागचा ट्रक हॉर्न वाजवाय लागला, आन् गेलासा." तिनं रस्त्याकडं हात केला. "हाका मारल्या. तुमी आपलं बोलतच चालला हुतासा. कुनाशी बोलत हुतासा?"

"तुझ्याशी."

रेश्माच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. म्हातारीनं तांब्या पुढं केला. "आदी पानी पी, लेकरा. बायकू हाय न्हवं समोर."

त्यानं घोटभर पाणी घेतलं. तो म्हणाला, "तुझे आण्णा गेले तवा मी गोव्यात फोन बंद करून पडलो हुतो. चुकलं माझं."

"ह्ये आज कशापायी?"

"रस्ताभर ह्येच सांगत हुतो."

ती त्याच्याशेजारी बसली. "राग हाय मला त्याचा. आजून हाय."

"सोडून दे म्हनत न्हाई मी."

म्हातारीचं नाव धोंडुबाई. तिनं फडक्यातली भाकरी काढली आणि तिघांनी खाल्ली. मग दोघांनी मिळून गाडी उभी केली. माघारी जायचं का, त्यानं विचारलं.

"जतला जायचं म्हणून निघालोय, तर जाऊ या," रेश्मा म्हणाली. "पर पर्स द्या माझी."

जत येईपर्यंत त्यानं दहा वेळा तरी विचारलं, "हायस न्हवं?" मागून दर वेळी "हाय" आलं. एकदा आलं नाही. त्यानं गाडी उभी केली, घाबरत वळून बघितलं. गादीला टेकून रेश्माला डुलकी लागली होती.