उसन्या कोंबड्या

शेडवाल्याने मला बोलावलं ते दार उघडायला. दार म्हणजे काय, गुडघ्याएवढं. त्याच्या लांबलचक शेडला खालच्या अंगाला, गवताकडे तोंड करून मीच ते बसवून दिलं होतं. असं एक दार असलं की खोक्यावर ‘मोकळ्या माळावरच्या कोंबड्यांची अंडी’ असं छापता येतं, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कोंबड्यांनी त्या दारातून बाहेरही जायचं असतं, हे कुणी सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. पहिल्या दिवशी कडी लागली ती लागलीच. बिजागऱ्या गंजून एकजीव झालेल्या. मी पालथा पडून अर्धी सकाळ त्यांना तेल पाजलं, ठोकलं, शेवटी पहार घातली तेव्हा कुठे ते दार कण्हत उघडलं.

आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो. आतून एका कोंबडीने मान बाहेर काढली, उन्हाकडे पाहिलं आणि भूत दिसल्यासारखी मागे सरली. शेडवाल्याने दाणे टाकले. कुणी आलं नाही. मग त्याने एकीला उचलून गवतावर ठेवलं. ती ठेवली तशी बसून राहिली. वाऱ्याने एक पातं हललं मात्र, ती बोंबलत आत पळाली. आत जाऊन तिने बाकीच्यांना काय सांगितलं कोण जाणे, त्यानंतर दाराजवळ एकही फिरकेना.

शेडवाला दगडावर बसला आणि मग त्याने खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी शहरातून बेकरीवाली बाई येणार होती. तिची मोठी बेकरी, शेडमधली सगळी अंडी ती एकटी उचलणार होती. तिने घेतली नाहीत तर शेडला कुलूप लागायची वेळ आलेली. आणि बाई होती खट. फोनवरच तिने सांगितलं होतं की खोक्यावरचं हिरवं चित्र छान आहे, नमुन्याला पाठवलेल्या अंड्यांच्या बलकाचा रंगही छान आहे, पण खाद्यात रंग मिसळला की शेडमधल्या कोंबडीचाही बलक तसा होतो हे मला ठाऊक आहे. कोंबड्या गवतावर चालताना बघेन, मगच पुढचं बोलेन.

“मग आता?” मी विचारलं.

त्याने ओढ्यापलीकडे पाहिलं. पलीकडच्या उतारावर वहिनीच्या कोंबड्या विखुरल्या होत्या. कुणी माती उकरत होती, कुणी धुळीत लोळत होती, कुणी शेणाचा पो उलटापालटा करत होती. मला कळलं, आणि मला हसूही आलं, पण मी अवजारं गोळा करायच्या निमित्ताने खाली वाकलो.

ही वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली. उतारावरचं घर तिचं, आणि कोंबड्याही तिच्याच. पूर्वी गावातला दुकानदार तिची अंडी घ्यायचा. शेडची चित्रवाली खोकी आली आणि त्याने तिची टोपली परत पाठवली. म्हणाला, तुमच्या अंड्यांना चिखल असतो, एक लहान एक मोठं असतं, आणि मोकळ्या माळावरची अंडी आता माझ्याकडे छापील मिळतात. त्या दिवसापासून वहिनी आणि शेडवाला एकमेकांशी बोलत नव्हते. ओढ्याच्या दोन काठांवर राहून दोघंही निरोप पाठवायचे ते माझ्यामार्फत. माझी कामाची पडवी पडली मध्ये.

तर त्या संध्याकाळी तो स्वतः ओढा ओलांडून गेला, आणि मध्ये बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणून मला बरोबर नेलं. त्याची बायकोही मागून आली. वहिनी अंगणात कुंपणाची काटेरी फांदी नीट करत होती. शेडवाल्याने आधी हवेची चौकशी केली, मग कुंपणाची, मग तिच्या गुडघ्यांची. वहिनी काम करत राहिली. शेवटी त्याने एका दमात सांगून टाकलं की एका सकाळपुरत्या कोंबड्या द्या, शेडपुढच्या गवतावर सोडतो, बाई गेली की एकूण एक परत आणून देतो.

मला वाटलं आता काटेरी फांदी त्याच्या अंगावर येते. वहिनीने फांदी खाली ठेवली. धाकट्या जावेकडे पाहिलं, तिने मान खाली घातली.

“बाई किती वाजता यायची आहे?” वहिनीने विचारलं.

“न्याहारी करून येईल. उन्हं वर आल्यावर.”

“बरं. मग न्या.”

एवढंच. ती इतक्या सहज कशी तयार झाली याचं मला रात्रभर आश्चर्य वाटत राहिलं. सुतारकाम करणाऱ्याला लाकडाचा स्वभाव कळतो, कोंबडीचा कळेलच असं नाही.

सकाळी उजेड व्हायच्या आत आम्ही टोपल्यांतून कोंबड्या आणल्या आणि शेडपुढे सोडल्या. तो पट्टा त्यांच्या ओळखीचाच, चरत चरत ओढ्यापर्यंत त्या रोज यायच्या. टोपलीतून उतरल्या आणि कामाला लागल्या. कारभारीण नावाची एक ठिपक्यांची, जाड्या मानेची कोंबडी होती. तिने आल्या आल्या शेडभोवती एक फेरी मारली, त्या छोट्या दारातून आत डोकावली आणि आतल्या कोंबड्यांना काहीतरी सुनावून परत आली. शेडवाल्याने धुतलेला सदरा घातला होता. खोक्यावरचं चित्र आणि समोरचं गवत तो आलटून पालटून बघत होता. त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं असावं.

बाई आली. जाडजूड, पायात चिखलाचे बूट, बोलणं कमी. तिने गवत पाहिलं, कोंबड्यांचे पाय पाहिले, विष्ठा काडीने उकलून पाहिली. एक कोंबडी टोळामागे धावली तेव्हा बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बरं वाटल्याची खूण दिसली. शेडवाला सांगत होता की आमच्या कोंबड्यांना भिंत म्हणजे काय ते माहीतच नाही. बाई मान हलवत होती. सौदा जवळजवळ झालाच होता.

तेवढ्यात कारभारीण थांबली. एक पाय वर धरून तिने मान तिरकी केली आणि लांब सुरात कुरकुरायला लागली. मग वळली, बाईच्या दोन बुटांमधून सरळ निघून ओढ्याच्या वाटेला लागली. तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. शेडवाल्याने हात पसरून वाट अडवली. त्या त्याच्या काखेखालून गेल्या. त्याने दाणे उधळले. मागच्या दोघींनी जाता जाता चार टिपले आणि बाकीच्यांना गाठायला पळत सुटल्या.

“या कुठे निघाल्या?” बाईने विचारलं.

“फिरायला,” शेडवाला म्हणाला. “सवय आहे त्यांना.”

“मग मीही येते फिरायला,” असं म्हणून बाई कोंबड्यांच्या मागे चालू लागली.

पुढे कोंबड्या, मागे बाई, बाईच्या मागे घामाने सदरा ओला झालेला शेडवाला, त्याच्यामागे त्याची बायको आणि शेवटी मी. ओढ्यावरच्या फळीवरून कोंबड्या एकेक करून शिस्तीत गेल्या. फळी मीच टाकलेली, ती एवढी माणसं पेलेल का या काळजीत मला बाकी काही सुचत नव्हतं.

वहिनी उंबऱ्यावर बसली होती. भिंतीला टेकून गवत घातलेल्या टोपल्या ओळीने मांडलेल्या. कारभारीण आपल्या टोपलीत चढली, दोनदा गोल फिरली आणि बसली. बाकीच्यांनीही आपापली जागा धरली. एका टोपलीवरून दोघींचं भांडण झालं तेवढंच.

“त्यांची अंडी घालायची वेळ झाली,” वहिनी बाईला म्हणाली. “जरा बाजूला उभ्या राहा. कुणी टक लावून बघितलं की अवघडतात.”

बाई बाजूला झाली. मग हळू आवाजात तिने विचारलं की या कोंबड्या कुणाच्या. शेडवाला आपल्या चपलेकडे बघत होता. वहिनीने त्याच्याकडे एकदा पाहिलं.

“आमच्या घरच्याच,” ती म्हणाली.

शब्द खोटा नव्हता, आणि त्याला वाचवायलाही पुरेसा होता. पण बाईने इतकी वर्षं बेकरी काही उगाच चालवली नव्हती. ती शेडवाल्याच्या बायकोकडे वळली.

“तुमच्या स्वयंपाकघरात कुठली अंडी असतात?”

“ताईंकडची,” वहिनीकडे बोट दाखवत बायको म्हणाली. बोलून गेली, आणि मग आता बोललेच आहे तर, म्हणून पुढेही बोलली. “मी रोज मागच्या दाराने नेते. पहिल्यापासून.”

शेडवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. कारण हा माणूस रोज सकाळी ऑम्लेट खाता खाता शेडच्या अंड्यांची तारीफ करायचा. माझ्या पडवीत बसूनही करायचा. खाद्य बदलल्याने चवीत केवढा फरक पडला, हे त्याने मला कितीदा तरी ऐकवलं होतं.

बाई हसली ती डोळे पुसेपर्यंत हसली. वहिनी हसली नाही, पण पदर तोंडाशी धरून कोंबड्यांकडे बघत राहिली. मग बाईने सांगितलं की या टोपल्यांतली अंडी मी घेणार, जेवढी असतील तेवढी, चिखलासकट. वहिनीने आधीच बजावलं की थंडीत कमी मिळतील, पिसं झडायला लागली की जवळजवळ नाहीतच. बाई म्हणाली, त्या दिवसांत मी केक कमी करीन. शेडवाल्याला तिने एवढंच ऐकवलं की खोकं छान आहे, त्यावरचं चित्र खरं करून दाखवा, मग फोन करा.

पुढचे काही दिवस तो घराबाहेर दिसला नाही. बायको सांगायची की ऑम्लेट समोर आलं की गप्प बसून खातो. मग एका सकाळी मला हाक आली. दार मोठं करून हवं होतं, आणि एक नव्हे, लांबीभर ओळीने.

मी भिंत कापली, दारं बसवली. कोंबड्या तरीही बाहेर येईनात. शेवटी तो वैतागून खाद्याची बादली हातात घेऊन स्वतःच गवतात जाऊन उभा राहिला. बादली दिसली तशी पहिली आली. मग दहा आल्या. मग शेडच रिकामी झाली. तो थांबला की त्या थांबायच्या आणि घाबरून परत दाराकडे बघायच्या. तो चालला की मागे चालायच्या. म्हणून त्याला चालावंच लागलं. मोठं पोट, हातात बादली, आणि मागे शेकडो पांढऱ्या कोंबड्या. वाटेने जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची. तो कुणाकडे न बघता या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत राहायचा, आणि रोज एकदोघी धीर करून मागे रेंगाळायच्या, माती उकरायच्या.

अशाच एका सकाळी वहिनी ओढ्याच्या काठाशी येऊन उभी राहिली. मी पडवीत रंधा मारत होतो, तो थांबवला. निरोप आपल्याकडेच येणार असं मला वाटलं. पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

“भाऊजी,” तिने त्यालाच हाक मारली, “जरा वरच्या अंगाला न्या त्यांना. तिथे किडे जास्त असतात.”

तो क्षणभर थांबला. मागच्या सगळ्या कोंबड्याही थांबल्या. मग त्याने बादली दुसऱ्या हातात घेतली आणि वरच्या अंगाला वळला.