पाय धुऊन येऊ नका

मी चर्चच्या कपाटातला टॉवेल बोलतोय. पांढरा, सुती, इथल्याच एमआयडीसीत विणलेला. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मला बाहेर काढतात. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात आणि मला हाती घेऊन पुसतात. उरलेलं वर्षभर मी डांबरगोळ्यांच्या वासात घडी होऊन पडलेला.

नऊ वर्षं हे चाललं. एकाही पायाला माती नव्हती. बाराही जण घरून साबणाने पाय घासून, पावडर लावून येत. पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं. पुढे काहीच वाटेनासं झालं.

गेल्या वर्षी बारांपैकी एक, चर्चच्या कमिटीतले पंच, आजारी पडले आणि बारावी खुर्ची रिकामी राहिली. समाजकार्य शिकणारी सुवार्ता उठली आणि चर्चचं आवार झाडणाऱ्या बाळाबाईंना हाताला धरून पुढे घेऊन आली. बाळाबाईंना शुगर. अंगठ्याची जखम चिघळलेली, वर चिंधी.

चर्चच्या कपाटाची किल्ली सांभाळणारे येशूदासकाका आडवे आले. "अगं, टॉवेल उपासनेचा हाय. डाग पडला तर?"

"तर धुऊ की, काका. टॉवेलच आहे."

"लई शिकलीस. दवाखान्यात ने तिला."

"उद्या नेते. आज पाय तर धुवा."

पाळकसाहेब घंगाळातल्या पाण्याकडे बघत राहिले.

"ऱ्हाऊ दे बाई," बाळाबाई म्हणाल्या, "माजा पाय वास मारतोय." आणि निघून गेल्या.

त्या दिवशी मी अकरा जणांचे पाय पुसले.

उपासना संपली. सुवार्ताने सगळ्यांसमोर मला ओलाच पिशवीत कोंबलं आणि बाळाबाईंचं घर गाठलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय. अंगठा काढावा लागला. पाय वाचेल की नाही, सांगता येत नव्हतं. सुवार्ता रोज कॉलेजआधी यायची. पाय धुवायची, मी टिपायचो, मग मलम. चार महिन्यांनी जखम भरली.

येशूदासकाका दोनदा मला मागायला आले. दुसऱ्यांदा माझ्यावरचे डाग बघून तसेच परत गेले. चर्चने नवा टॉवेल घेतला.

आता मी बाळाबाईंच्या दारातल्या तारेवर असतो. विरलोय. अजूनही फारसं काही वाटत नाही. पाय ओला आहे की कोरडा, एवढं मात्र कळतं.

येत्या गुरुवारी बारा जण पुन्हा बसतील. त्यांना माझं एकच सांगणं आहे. घरून पाय धुऊन येऊ नका.