शनीकडे तोंड केलेली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. पावसात धरतात ती नव्हे. टीव्हीची, जाळीची, बैलगाडीच्या चाकापेक्षाही मोठी. तुम्ही मला डिश म्हणाल. आमच्या या कबनूर गावात सगळे छत्रीच म्हणतात. यंत्रमागाच्या एका शेडला लागून दुमजली घर आहे, त्याच्या गच्चीवर मी उभी असते. स्वभावानं मी जरा फटकळ आहे. ऐकताना कुणाला लागलं तर लागू दे, पण आज मला बोलायचंच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवल्या, जाळी ताणली, स्क्रू पिळले आणि मला टेम्पोत आडवी घालून इथं आणलं. आणणारा या घराचा मालक, रामलिंग. तेव्हा तो तरणाबांड होता आणि गावात केबलचा धंदा नव्यानं सुरू करत होता. मला वर चढवायला अख्खी गल्ली धावली. नारळ फुटला, माझ्या कपाळाला विभूती लागली. रामलिंगची थोरली बहीण गंगव्वा शिरोळ भागातल्या नदीकाठच्या गावातून मुद्दाम आली होती. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केलेला. तो तिला अक्का म्हणायचा आणि ती त्याला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. मला बघून ती म्हणाली, "तम्मा, केवढी थोरली परात आणलीस रं! अख्ख्या गल्लीचं पीठ मळून हुईल की हिच्यात!" सगळे हसले. मलाही तिचा राग आला नाही.

काय दिवस होते ते! क्रिकेटची मॅच असली की माझ्याशिवाय कुणाचं पान हलायचं नाही. चित्राला मुंग्या आल्या की रामलिंग वर येऊन मला ढकलायचा. "आलं का?" खालून आवाज यायचा, "न्हाय!" पुन्हा ढकलायचा. "आता?" "आलं, आलं! ऱ्हाऊ दे तसंच!" मग माझं कौतुक व्हायचं. दिसलं नाही की शिव्याही मीच खायची. पण कामाच्या माणसालाच शिव्या बसतात, रिकामटेकड्याला कोण विचारतं?

पुढं घरोघरी लहान लहान डिश आल्या, मग मोबाईल आले. केबल बंद पडली. माझ्या जाळीवर मिरच्या वाळू लागल्या. कावळ्यांनी येऊन जे करायचं ते केलं. माझी वायर मागाच्या शेडच्या भिंतीला वळसा घालून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, केबलच्या पेटीपर्यंत जाते; तिचं साल उंदरांनी खाल्लं. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? आता वाटतं, तेच दिवस बरे होते.

कारण रिकाम्या रामलिंगला मोबाईलचा नाद लागला. त्यात कुणी कुणी सांगायचं की शनीच्या कड्यांत परक्या लोकांची यंत्रं बसली आहेत. एकेक यंत्र पृथ्वीपेक्षाही मोठं! ती कडी बांधतात, तिथून आपल्याकडं लक्ष ठेवतात, संदेश सोडतात. सरकारांना सगळं ठाऊक आहे म्हणे, म्हणूनच मोठ्या छत्र्या मोडून लहान आणल्या. झालं! रामलिंग टाळी वाजवून उठला. "अरं, आमची थोरली हाय की!"

त्यानं मला घासली, पुसली. मोबाईलात शनी कुठं आहे ते बघून माझं तोंड तिकडं फिरवलं. केबलची ती जुनी पेटी इन्व्हर्टरला जोडली, कानाला हेडफोन लावला आणि आनंदानं ओरडला. खट् खट् खट् खट्. ऐकू येत होतं!

मित्रांनो, तो शेजारचा माग होता. सोललेल्या वायरीतून मागाच्या मोटारींचा खडखडाट पेटीत शिरत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण कबनूरच्या माणसाला माग ऐकू येत नाही. जन्मल्यापासून तो आवाज कानात असतो. आपला श्वास आपल्याला कुठं ऐकू येतो? त्याची मुलगी सौंदर्या कोडोलीला दिली आहे. तिथं शेतं, शांतता. ती माहेरी आली, हेडफोन कानाला लावला आणि लगेच म्हणाली, "आप्पा, ह्यो तर मागाचा आवाज हाय!" रामलिंगनं इकडं तिकडं बघितलं. "कुठला मागाचा आवाज? मला तर काय ऐकू येत न्हाय." त्या वेळी शेडमध्ये सगळे माग धडधडत होते.

मागांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. त्या दिवशी पेटी गप्प बसायची. त्याचाही अर्थ रामलिंगनं लावला. शनीची साडेसाती म्हणतात ती हीच यंत्रं. चालू असली की माणसाला पिडतात, गप्प झाली की सोडतात. अक्काच्या मागं साडेसाती आहे, असं कुणीतरी तिला सांगितलंच होतं. नवरा गेला, मूलबाळ नाही, एका म्हशीवर जगत होती बिचारी. एका सुट्टीच्या दिवशी यानं फोन करून सांगितलं, "अक्का, आज मशिनी गप हाईत. आज काय वंगाळ हुनार न्हाय." नेमकी त्याच दिवशी तिची अडलेली म्हैस सुखरूप व्याली. बोलाफुलाला गाठ पडली, दुसरं काय! तेव्हापासून अक्का बाजारालासुद्धा तम्माला विचारून जायला लागली.

मग तो पावसाळा आला. कृष्णेला पूर चढला. शिरोळकडची गावं एकेक करून पाण्यात जाऊ लागली. दुपारी रामलिंग माझ्या बुडाशी, त्या पत्र्याच्या खोलीत, पेटीशी बसला होता. अक्काचा फोन आला. त्याला कमी ऐकू येतं म्हणून तो फोन मोठ्या आवाजात ठेवतो, त्यामुळं मला शब्दन् शब्द कळला.

"तम्मा, नाव आलीया दारात. गोठ्यात पाणी शिरलंय. पोरं म्हंत्यात, आज्जी, चला. म्हस सोडून कशी जाऊ रं? तुझी मशीन काय म्हंती?"

रामलिंगनं हेडफोन लावला. पेटी मुकी होती. एक खट् नाही. त्याचे डोळे भरून आले.

"अक्का! गप झाल्या की गं! सुटली तुझी साडेसाती. आता पाणी उतरतंय बघ. कुठं जाऊ नगंस."

"व्हय? आई गं, जीव भांड्यात पडला बघ." मग तिचा आवाज लांब गेला. "जावा रं बाळांनो. माझा भाऊ नको म्हंतोय. दुसऱ्या कुनाला तरी न्या."

मी काय करू? मला फक्त तोंड वासून उभं राहता येतं. त्या क्षणी मला माणसाची जीभ असती तर गल्लीला ऐकू जाईल एवढी बोंब मारली असती.

माहेरी आलेली सौंदर्या जिना चढून धावत वर आली. "आप्पा, काय सांगितलासा आत्तीला? अवो, लाईट गेलीया! सबस्टेशनात पुराचं पाणी शिरलंय. माग बंद पडल्यात, म्हणून तुमची पेटी गप हाय!"

"मागाचा काय संबंध?"

"लावा फोन! आधी फोन लावा, नावेला परत बोलवायला सांगा!"

त्यानं लावला. तिनं लावला. लागला नाही. तिकडचे टॉवरही बंद पडले होते. दिवस मावळेपर्यंत दोघं माझ्या खांबाला टेकून फोन लावत राहिली, आणि पाऊस पडत राहिला.

पाणी उतरल्यावर कळलं. अक्कानं म्हशीचं दावं सोडलं होतं. म्हैस पोहत जाऊन रस्त्याच्या चढावर लागली. अक्का उसाच्या फडात सापडली.

वाटलं होतं, आता तरी रामलिंग मला लाथ मारून खाली पाडेल. लाईट आली, माग सुरू झाले. अक्काचे विधी उरकून तो वर आला, हेडफोन लावला, आणि पेटीत पुन्हा खट् खट् सुरू झालं. तो हुंदके देऊन रडला. "अक्का," म्हणाला, "तुला वर नेलं व्हय गं त्यांनी? बोल, मी ऐकतोय." तेव्हापासून रोज बोलतो. इकडं आणलेली तिची म्हैस व्याली ते सांगतो, पाऊसपाणी सांगतो, आणि उत्तराला माग ऐकतो. सुट्टीच्या दिवशी जेवत नाही, अक्का रुसली म्हणतो.

सौंदर्यानं भंगारवाला आणला होता. रामलिंग माझ्या खांबाला मिठी मारून बसला. "हिला नेली तर माझी अक्का बोलंल कुठनं?" भंगारवाला माघारी गेला. सौंदर्याही कोडोलीला निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आप्पा, तिला जायचं होतं वो. तिनं फक्त तुम्हांला इचारलं." त्यानं ऐकलं नाही. त्याच्या कानाला हेडफोन होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मी उलटं मागते. आभाळात यंत्रं असतील नाहीतर नसतील, मला काही माहीत नाही. तिकडून मला कधीच काही ऐकू आलं नाही. पण तुमचं माणूस पाण्यात उभं राहून विचारत असेल, जाऊ का, तर आभाळाकडं कान लावू नका. त्याला जा म्हणा. आणि मला इथून न्या. दुपारी रामलिंग जेवायला खाली उतरतो, तेवढ्यात या. येताना मोठा पाना आणा. बोल्ट गंजलेत, एकट्याला निघायचे नाहीत.