बारा महिने बोलणारा चंडोल

खडीची खाण बंद झाली तेव्हा तिथे माळाची खूण म्हणून एकच जागा उरली होती: विजेच्या टॉवरखालचं टेकाड. टॉवर पडू नये म्हणून त्याच्या बुडाशी खणायला मनाई होती. म्हणून डोझरवाल्याने अठरा वर्षं चहूबाजूंनी माळ खरवडला आणि मधला तेवढा तुकडा जुन्या गवतासकट उंचावर राहिला. बाकी सगळं, सशांच्या लपायच्या जागा, जमिनीवरची घरटी, त्याच्याच पात्याखाली गेलं. तो ते कबूल करायचा. अठरा वर्षं पगार घेतल्यावर कानावर हात ठेवायला तोंड कुठे होतं?

आता त्याच डोझरने तो खाण बुजवत होता. विजेची लाइन दुसरीकडून नेली होती, तेव्हा सोमवारी टेकाड सपाट करायचं आणि सगळीकडे रांगेत झाडं लावायची, असं वरून ठरलं होतं. झाडं फोटोत छान दिसतात. पक्ष्यांच्या पाहणीला आलेल्या बाई मात्र अडून बसल्या. त्यांचं म्हणणं, या माळावरचे पक्षी जमिनीवर अंडी घालतात, त्यांना झाडं नकोत, गवत हवं. आणि त्या गवताचं बी आता फक्त टेकाडावर मिळेल. पण टेकाड वाचवायचं तर माळाचा एखादा पक्षी तिथे अजून राहतोय अशी नोंद हवी होती. शनिवारपर्यंत त्यांची वही कोरीच होती.

"चंडोल आहे ना," डोझरवाला म्हणाला. "रोज बोलतो."

ही त्याची सवयीची थाप होती. त्याची बायको माळाच्या कडेच्या घरात वाढलेली. शेवटची तीन वर्षं तिने अंथरूण धरलं होतं, आणि संध्याकाळी हा बूट काढत असतानाच ती विचारायची, "अहो, आज चंडोल बोलला का?" दिवसभर इंजिनाची घरघर आणि कानांत बोळे. चंडोल काय, शेजारी तोफ उडाली असती तरी याला पत्ता लागला नसता. पण तो म्हणायचा, बोलला. मग रंगात येऊन तिखटमीठ लावून सांगायचा, कसा वर गेला, किती वेळ गात होता. ती डोळे मिटून ऐकायची आणि मधूनच "आणि मग?" म्हणायची.

ती जाऊन वर्ष झालं होतं. आता बूट काढताना कोणी काही विचारत नसे. घरात दोन-दोन दिवस तो तोंड उघडायचा ते फक्त जेवायला.

थाप मारली खरी, पण निभवायची कशी? टेकाड गेलं असतं तर तिच्या माळातलं शेवटचं मूठभर गवतही त्याच्याच हातून गेलं असतं, आणि ते त्याला सोसवलं नसतं. रविवारी सकाळी तो बाईंबरोबर टेकाडावर जाऊन बसला. इंजिन बंद, कान मोकळे. इतक्या शांततेने तो अवघडूनच गेला. उन्हं वर आली, थर्मासमधला चहा संपला, पायांना मुंग्या आल्या. बाई वही मिटणार, तेवढ्यात गवतातून मातकट, मुठीएवढं काहीतरी सरळ वर उडालं आणि गात सुटलं. वर गेलं, आणखी वर गेलं, थांबायचं नावच घेईना. डोझरवाल्याचे डोळे भरून आले. अठरा वर्षांत तो पहिल्यांदाच ते ऐकत होता.

बाईंनी घड्याळ पाहून नोंद केली आणि साक्षीदार म्हणून त्याची सही घेतली. आता टेकाडाला कोणी हात लावणार नाही, म्हणाल्या. तिथलं बी खाणभर पेरायचं, आणि त्या कामालाही त्यालाच घ्यायचं.

"नशीब, काका, आत्ता सापडला," त्या वही पिशवीत टाकत म्हणाल्या. "अंड्यांचा मोसम संपला की हा गप्प. मग आठ महिने चकार शब्द नाही."

"बारा महिने बोलत नाही?"

"छे. माळावर वाढलेल्या कुणालाही विचारा."

भर थंडीत, धो धो पावसात, तीन वर्षं त्याने रोज संध्याकाळी चंडोलाला गायला लावलं होतं. आणि ती, माळावर वाढलेली, रोज विचारत होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिला चंडोल नको होता, दिवसभर एकटं पडून राहिल्यावर याचं बोलणं हवं होतं.

घरी येऊन त्याने बूट काढले आणि रिकाम्या खाटेकडे तोंड करून बसला.

"आज खरंच बोलला," तो म्हणाला.

मग तिने "आणि मग?" म्हणावं म्हणून थोडा वेळ थांबला.