दुसऱ्या खेळाडूची वायर

अनुयाचे हात मंद आहेत, हे घरात इतकं ठरून गेलं होतं की तिच्या लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा आईने ते सांगून टाकलं होतं. पुरावा एकच. पाच-सहा वर्षांची असताना दोन उन्हाळे ती टीव्ही गेममध्ये श्रीनिवासदादाकडून रोज हरली. रोज म्हणजे रोज! तिचं विमान जागच्या जागी उभं राहून मरायचं. मग पुढे तिने टेबलटेनिस सोडलं, भरतकाम सोडलं, आणि गाडी तर शिकायच्या आधीच सोडली. सिंगापुरात आल्यावर तिथली मेट्रो, एमआरटी, पाहून बाईला केवढं हायसं वाटलं होतं.

तर अशा या मंद हातांच्या बाईने एक्केचाळिसाव्या वर्षी, आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर गेमचं यंत्र बांधायला घेतलं. जुन्या व्हिडिओ पार्लरमध्ये असायचं तसंच, पण टेबलावर मावणारं. दादाला भाऊबीजेची भेट म्हणून. दादा राहायचा वुडलँड्सला, फार लांब नाही, पण यायचा वर्षातून एकदाच. यंत्राच्या ओढीने तरी चार वेळा येईल, असं तिला भाबडेपणाने वाटत होतं.

प्लायवूडच्या दोन कापलेल्या बाजू उभ्या राहिल्या तेव्हा तिच्या नवऱ्याने, सौमित्रने, विचारलं, "देव्हारा करतेयस का?"

"हो. तुझ्या मेव्हण्याला बसवणारे त्यात."

ऑफिसातून टाकून दिलेला मॉनिटर, पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर, दोन जॉयस्टिक, बारा बटणं आणि वायरींचा हा गुंता. एकही बटण उलटं बसलं नाही. मंद हात म्हणे!

पहिल्या खेळाडूची बाजू जोडून झाल्यावर तिने गेम लावून पाहिला. दुसऱ्याच्या वायरी अजून बाहेर लोंबत होत्या, ते विसरून ती सवयीने उजवीकडे, धाकट्याच्या जागी बसली. जॉयस्टिक ढकलली. विमान हललं नाही. बटण दाबलं. गोळी सुटली नाही. आणखी जोरात दाबलं, आणि एकदम तिच्या अंगठ्याला ओळख पटली.

हेच! अगदी हेच! दोन उन्हाळे असंच वाटायचं. दादाच्या कंट्रोलरची वायर टीव्हीखालच्या डब्यात जायची. आणि तिची? तिची सतरंजीखाली जायची. तिथून पुढे कुठे जाते, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. "चालतंय की! तूच नीट दाबत नाहीस," म्हणायचा तो.

"मेल्या!" अनुया मोठ्यांदा म्हणाली. राग असा आला की डोळ्यांत पाणीच आलं. पस्तीस वर्षं ती स्वतःच्या हातांना नावं ठेवत होती. पण नुसतं विचारलं असतं तर दादा हसून उडवून लावणार, त्यात तो पटाईत. त्याच्याच तोंडून वदवून घ्यायला हवं होतं. तिने डोळे पुसले, दुसरी बाजूही जोडली आणि तिथल्या जॉयस्टिकची आणि सगळ्या बटणांची जी एक सामाईक वायर असते, तिच्यावर एक छोटासा स्विच टाकला. यंत्राच्या पोटाखाली, आपल्या हाताला लागेल असा.

भाऊबीज नेहमीप्रमाणे सोयीने रविवारी. दादा आपल्या दहा वर्षांच्या लेकीला, श्रियाला, घेऊन आला आणि यंत्र पाहून दारातच थबकला.

"हे तू केलंस? तुझ्या हातांनी? पेटणार नाही ना?"

"आधी ओवाळून घेते."

"ओवाळणं कुठे पळून जातंय? एक गेम!"

"बरं. पण डावीकडे मी बसणार. यंत्र माझं."

पहिली दोन मिनिटं तिने त्याला सुखाने खेळू दिलं. त्याने धडाधड विमानं पाडली, वर शीळ घातली. "श्रिया, बघ, याला म्हणतात हात!"

अनुयाने स्विच दाबला.

दादाचं विमान जागच्या जागी उभं राहिलं आणि मेलं. पुढचंही मेलं. मग तिने स्विच चालू केला, दादाला धीर आला, की पुन्हा बंद. असं तीनदा.

"पप्पा, यू सो स्लो लाह!" श्रिया म्हणाली.

"अगं, हे चालत नाहीये!"

"चालतंय की," अनुया गोड आवाजात म्हणाली. "तूच नीट दाबत नाहीस."

दादाला घाम फुटला. दोन्ही हातांनी बटणं बडवून झाली, आणि तो ताडकन उठला. "वायर काढलीयेस तू!"

"अय्या! बटणं नवी, माझं सोल्डर कच्चं, शंभर कारणं असतील. तुला एकदम वायरच बरी सुचली रे, दादा?"

दादाचे कान लालभडक. लहानपणीही खोटं पकडलं की आधी त्याचे कानच लाल व्हायचे.

"बस पाटावर," अनुया म्हणाली.

तिने कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजन ओवाळलं. दादाने पाकीट काढलं तसं तिने ताट मागे घेतलं. "पाकीट नको. ओवाळणीत खरं घाल. श्रियासमोर. तोवर उठायचं नाही."

दादाने सौमित्रकडे पाहिलं. सौमित्र चकलीत गुंग होता.

"तुझ्या कंट्रोलरची पिन मी पहिल्याच दिवशी मोडली होती, अनु," दादा अखेर म्हणाला. "बाबांनी फोडून काढलं असतं. दोघं खेळतायत असं त्यांना दिसावं म्हणून तुला बसवायचो, वायर सतरंजीखाली सरकवून. मग तुझे हात मंद असं सगळे म्हणायला लागले, आणि माझ्याने सांगवेना. तुझ्या हातांना काही झालं नव्हतं गं कधी."

अनुयाला हसू आणि रडू एकदमच आलं. ताट खाली ठेवून तिने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. हात मुळीच मंद नव्हता.

मग दोघं खरं खेळले, स्विच चालू ठेवून. अनुया अडीच मिनिटांत हरली. अगदी रीतसर, स्वतःच्या चुकीने. पण तिने डावीकडे ढकललं की विमान डावीकडे जात होतं, आणि आयुष्यात हरून इतकं बरं तिला कधीच वाटलं नव्हतं.

"परत!" ती म्हणाली. "आणि पुढच्या रविवारीही यायचं."

"येतो," दादा खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "पण अनु, दोन्ही हात मला दिसतील असे वर ठेव."