मुकादमाचे शेअर

“रिकामी खोकी चालणार नाहीत, साहेब,” मुकादम म्हणाला. “पट्टा सरकू लागला की त्यावर उड्या मारतात. लांबून बघणाऱ्यालाही कळतं, पोटात काही नाही म्हणून.”

साहेबांनी खोक्यांच्या ढिगाकडे पाहिले, मग थांबलेल्या पट्ट्याकडे पाहिले. “मग भरा काहीतरी.”

“काय भरू?”

“ते मी सांगू? आयुष्य गेलं तुमचं पार्सलांत. लोक काय भरतात?”

पार्सल कंपनीच्या वर्गीकरण केंद्राचे हे साहेब स्वभावाने वाईट नव्हते. त्यांच्या वरचे साहेब घाबरलेले होते, आणि भीतीला पाण्यासारखाच उतार लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंतवणूकदारांचे एक शिष्टमंडळ केंद्र पाहायला येणार होते. कंपनीत ज्यांचा पैसा अडकला होता अशी ही बडी मंडळी. त्यांच्यात दोन मते असल्याचे कानावर आले होते. काहींचे म्हणणे, कंपनी बुडते आहे तेव्हा आत्ताच बाहेर पडावे. काहींचे म्हणणे, कंपनी बुडतेच आहे, पण तिच्या जागा मोक्याच्या आहेत, त्या विकल्या जाईपर्यंत कळ काढावी. कंपनी चालावी असे एक तिसरेही मत होते. पण ते कंपनीत काम करणाऱ्यांचे असल्यामुळे त्याला मत म्हणत नसत, मागणी म्हणत.

मुख्य कचेरीचा निरोप सरळ होता. केंद्र रिकामे दिसले तर कुलूप. गजबजलेले दिसले तर बघू.

अडचण एवढीच होती की केंद्र रिकामे होते. पत्रे फोनने खाल्ली होती आणि पार्सले नारिंगी शर्टवाल्यांनी. नारिंगी शर्ट म्हणजे दुसरी कंपनी; तिची माणसे दुचाकीवरून अशी येत की वस्तू मागवणाऱ्याला आपण ती का मागवली याचा विचार करायलाही उसंत मिळू नये. इकडे दुपार झाली की पट्टा बंद करून त्यावर डबे उघडले जात. मुकादमाला ते पाहवत नसे. तो आपला डबा उभ्याने खाई.

पट्ट्याच्या टोकाला उभे राहायचे, येणारे पार्सल ज्याच्या त्याच्या विभागाच्या थैलीत जाते की नाही ते पाहायचे, थैलीचे तोंड बांधायचे, हे त्याचे काम. टपाल सरकारी होते तेव्हा तो इथे लागला. पुढे टपालाची कंपनी झाली, पाटी बदलली, गणवेश बदलला, गाठ तीच राहिली. दुसरे काही त्याला येत नव्हते, आणि येत नाही याचे वाईट वाटण्याचे वयही सरले होते. हे दार बंद झाले तर सकाळी उठून जायचे कुठे, हा एकच प्रश्न त्याच्यापुढे होता. तो त्याने कुणाला विचारला नव्हता.

भरण्यासाठी मागच्या आवारात माल होता. पडलेल्या भिंतीच्या विटा, फुटक्या फरशा, जुने टायर, रद्दी. मुकादमाने सगळ्यांना कामाला लावले. एक विघ्न उरले होते ते पत्त्यांचे. यंत्राला खोटा पत्ता वाचता येत नसे. तसा आला की लाल दिवा लागून पट्टा थांबायचा.

“आपापल्या घरचे पत्ते घाला,” साहेब म्हणाले. “तेवढे तरी खरे असतील ना?”

“पत्ता खरा आहे साहेब, मीच तिथे खोटा आहे. सासूचं घर,” वकील म्हणाला. हा वर्गीकरणातलाच. कोर्टाची पायरी कधी चढला नव्हता. प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढायचा म्हणून त्याला वकील म्हणत.

“आणि हे बघा, एक अक्षर बाहेर जाता कामा नये. वाटपवाल्यांनासुद्धा सांगायचं नाही. त्यांचं कामच दारोदार पोचवायचं.”

सकाळी पट्टा सुरू झाला आणि मुकादमाला विसर पडला की हे नाटक आहे. खोक्यामागून खोके येत होते. हॉल घुमत होता. “उत्तर विभाग! अरे, उत्तर! तुझा उजवा हात नव्हे, माझा!” तो ओरडत होता आणि लोक हसत पळत होते. कितीतरी दिवसांनी शर्ट पाठीला चिकटला होता. मधूनमधून एखादे खरे पार्सल येई, तेच जरा हलके आणि खोटे वाटे.

शिष्टमंडळ आले. टाय लावलेले दोन गृहस्थ आणि एक बाई. बाई पन्नाशीच्या, आवाज मऊ. दवाखान्यात वाईट बातमी सांगायला नेमाव्यात अशा. त्यांनी बराच वेळ पट्टा पाहिला आणि मग त्या सरळ मुकादमाकडे आल्या.

“रोज एवढं काम असतं?”

मुकादमाने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी छताकडे पाहिले.

“असतं की. माणसं कमी पडतात,” मुकादम म्हणाला.

“कंपनीचे शेअर आहेत तुमच्याकडे?”

“आहेत. एका वर्षी बोनसला पैसे नव्हते, म्हणून शेअर दिले.”

“मग तुम्हीही गुंतवणूकदारच. म्हणजे आमच्यातले,” बाई हसल्या. “गुंतवणूकदार म्हणून तुमचं काय मत आहे कंपनीबद्दल?”

मुकादमाला आजवर पार्सल कुठे गेले, थैली का फाटली, उशीर का झाला हे सगळे विचारले गेले होते. मत कुणी विचारले नव्हते. त्याने हात पुसले. शेअर मिळाला तेव्हापासून आधी पडत गेला होता, नंतर आणखी पडला होता, आणि पुढे पडायला जागा नाही म्हणून थांबला होता. याबद्दल मत कसे असते ते त्याला माहीत नव्हते.

“मी विकले नाहीत, बाई,” तो म्हणाला.

“का?”

“घेणारा कोण होता?” मागून वकील पुटपुटला.

“आपल्याच कंपनीचे आहेत,” मुकादम म्हणाला. “घरचं भांडं कुणी विकतं का?”

बाईंनी मान हलवली. एका टायवाल्याने काहीतरी टिपून घेतले. मग साहेबांनी सगळ्यांना फाटकापाशी फोटोसाठी बोलावले. पाहुणे मधे, कर्मचारी बाजूला, पंख्याखालून उन्हात आल्यामुळे सगळ्यांचे डोळे मिटलेले. पुढे तो फोटो कंपनीच्या अहवालात छापून आला आणि त्यात सगळे प्रार्थना करत असल्यासारखे दिसले.

फोटो चालू असताना मागच्या दाराने वाटपवाले नेहमीप्रमाणे आले. त्यांना कुणी काही सांगितलेले नव्हते. समोर थैल्या होत्या, विभागवार लावलेल्या, तोंडे बांधलेल्या, वर चिठ्ठी. कारण सगळी खोटी पार्सले एकाच पोत्यात कोंबायची आणि कोपऱ्यात लोटायची, हे मुकादमाच्या डोक्याला कळले होते, हाताला कळले नव्हते. वाटपवाल्यांनी थैल्या उचलल्या आणि ते गेले.

संध्याकाळी मुकादम घरी आला तेव्हा खोके टेबलावर होते. शेजारी कात्री ठेवलेली होती. बायको समोर बसली होती, पण खोक्याला हात लावलेला नव्हता.

“अहो, सांगायचं तरी,” ती म्हणाली. “दुपारी आलं. मला वाटलं, पत्ता चुकला. तर तो माणूस म्हणतो, नाही काकू, तुमच्याच नावावर आहे.”

मुकादमाने पत्ता लिहिताना वर स्वतःचे नाव घातले नव्हते. स्वतःला कोण पार्सल पाठवतो, असे वाटून त्याने बायकोचे घातले होते.

“शेजारणीलाही सांगितलं,” ती म्हणाली. “म्हटलं, लग्नाला एवढी वर्षं झाली, आता सुचलं. काय आहे?”

“उघडू नकोस.”

“का?”

“वीट आहे.”

बायकोने त्याच्याकडे पाहिले. चेष्टा करायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तिला खरे वाटायला वेळ लागला नाही. तिने कात्री घेतली, चिकटपट्टी कापली, रद्दीच्या तीन पदरांतून अर्धी वीट बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. मुकादमाने तिला सगळे सांगितले. पाहुणे, पट्टा, पत्ते, फोटो. ती ऐकत होती आणि रद्दीची घडी करत होती.

“केंद्र वाचेल का पण याने?”

“बाईंना आवडलं असावं. मत विचारलं मला.”

“मग येऊ दे वीट,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “गुंडाळलीत मात्र छान. नारिंगीवाले नुसतं कोंबतात.”

दुसऱ्या दिवशी केंद्रात कुणीच कुणाशी नजर मिळवत नव्हते. वकिलाच्या सासूला फुटकी फरशी मिळाली होती. जावयाच्या मनातले एकदाचे कळले, एवढे बोलून तिने खोलीचे दार लावून घेतले होते. साहेबांच्या घरी टायरचा तुकडा गेला होता. साहेबीणबाईंनी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करून, असला कचरा पाठवणाऱ्याला शोधून काढा, असे ठणकावले होते. नियमाप्रमाणे ती तक्रार चौकशीसाठी साहेबांकडेच आली. ते दिवसभर चौकशी करत बसले.

मुख्य कचेरीकडून मात्र शाबासकी आली. त्या दिवशीचे एकूण एक पार्सल त्याच दिवशी योग्य दारात पोचले होते. एकही परत आले नव्हते. असे केंद्राच्या इतिहासात, खऱ्या पार्सलांच्या बाबतीत, कधी घडले नव्हते.

आठवडाभर हॉलमध्ये थोडी उभारी होती. कुणीतरी पट्ट्याला तेल घातले. मग गुंतवणूकदारांचे मत आले. साहेबांनी ते उभ्यानेच वाचून दाखवले. केंद्रात काम भरपूर आहे. काम उत्तम होते. मुकादमासारखे अनुभवी कर्मचारी कंपनीवर निष्ठा ठेवून आहेत. एवढे सगळे असूनही तोटाच होतो, याचा अर्थ दोष कामाचा नाही, जागेचा आणि माणसांचा खर्च फार आहे. सबब हे काम शहराबाहेरच्या यंत्रकेंद्राकडे द्यावे आणि ही जागा विकावी.

साहेबांनी कागदाची घडी घातली.

“रिकामं दाखवलं असतं तर?” मुकादमाने विचारले.

“तर म्हणाले असते, काम नाही, मग जागा कशाला,” वकील म्हणाला. “मुकादम, निकाल आधी लागलेला असतो. आपल्याला फक्त साक्षीला बोलावतात.”

“मी म्हटलं त्यांना, माणसं कमी पडतात.”

“म्हटलंत ना. त्यांनी ऐकलं, पडतात तर आणखी पाडू.”

ही बातमी बाहेर फुटली त्या दिवशी कंपनीचा शेअर चढला. बऱ्याच वर्षांनी चढला आणि चांगला चढला. बाजाराला केंद्र बंद होणे फार आवडले होते. साहेबांनी येऊन मुकादमाचे अभिनंदन केले. चेष्टेने नव्हे, त्यांच्याकडेही शेअर होते आणि त्यांना कुणाशी तरी बोलायचे होते.

“आपण वर आलो, मुकादम.”

“हो का.”

“आणखी दोन-तीन केंद्रं बंद झाली तर अजून चढेल म्हणतात.”

वकिलाने लगेच हिशेब मांडला. नोकरी गेल्यामुळे मुकादम जेवढा श्रीमंत झाला होता, त्यात सगळ्यांना चहा येत होता. बिस्किटे ज्याची त्याने आणायची. सगळे हसले. मुकादमही हसला. मग तो पट्ट्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. पट्टा बंद होता आणि त्या दिवशी त्यावर कुणी डबा उघडला नाही.

बायको रात्री जेवताना म्हणाली, “विका आता. चढलेत तोवर.”

“मी बाईंना सांगितलंय, विकले नाहीत म्हणून.”

“त्या बाईंनी त्यांचे ठेवले असतील का हो?”

मुकादमाने ताट पुढे सरकवले. तिने त्याच्या ताटात भात वाढला आणि ती पाणी आणायला उठली.

शेवटी पट्टाही विकला गेला. घेणारा लांबच्या गावचा होता. त्याला पिठाची पोती हलवायला पट्टा हवा होता. त्याने पाठवलेल्या कामगारांनी तो खोलला, रूळ वेगळे केले, मोटर काढली, लाकडी खोक्यांत भरले. हिशेब घेऊन बाकीची माणसे आधीच गेली होती. साहेब दुसऱ्या कचेरीत लागले होते. खोक्यांवर पत्ते घालायला कुणीतरी लागेल म्हणून मुकादमाला बोलावले होते. बोलावले नसते तरी तो आला असता.

माल न्यायला गाडी आली ती नारिंगी कंपनीची. कंपनीच्याच गाडीने का नाही, असे मुकादमाने विचारले तेव्हा मुख्य कचेरीतला माणूस फोनवर म्हणाला, “त्यांचं स्वस्त पडतं. आणि वेळेत पोचतं.”

मुकादमाने प्रत्येक खोक्यावर पत्ता लिहिला. एका खोक्याची दोरी सैल वाटली, ती सोडून पुन्हा बांधली. नारिंगी शर्टातला चालक दाराला टेकून फोन पाहत होता. तो घाई करत नव्हता, हे बरे होते.

“पाठवणारा म्हणून सही लागेल, काका.”

मुकादमाने सही केली. चालकाने पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि गाडीचे मागचे दार ओढून घेतले. आत खोकी एकमेकांना घासल्याचा आवाज आला.

“आडवं ठेवलंय ना मोटरचं? उभं चालत नाही.”

“आडवंच आहे.”

“पोचलं की कळवा.”

“कळवतो की. पण कुणाला?” चालकाने हॉलमध्ये नजर टाकली. फरशीवर पट्ट्याचे पाय होते तिथे चौकोनी डाग तेवढे उरले होते. “इथे कोण असणार?”

मुकादमाने खिशातले पेन पुन्हा काढले, चालकाच्या हातातला कागद भिंतीवर धरला आणि त्यावर आपल्या घरचा फोन नंबर लिहिला.